वर्डप्रेसचा वाद: कोड सगळ्यांचा, नाव कुणाचं?

सप्टेंबर 2024 मध्ये वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर असलेलं वर्डप्रेस आणि डब्ल्यूपी इंजिन यांच्यात जुंपली, तेव्हा बहुतेक बातम्यांनी तो दोन पैसेवाल्या कंपन्यांचा तंटा म्हणून मांडला. एका बाजूला वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग आणि त्यांची ऑटोमॅटिक ही कंपनी. दुसऱ्या बाजूला टेक्सासमधल्या ऑस्टिनची डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी, म्हणजे वेबसाइटी आपल्या सर्व्हरवर चालवून देणारी, आणि तिच्या पाठीशी सिल्व्हर लेक हा गुंतवणूकदार. दर शंभर वेबसाइटींमागे चाळीसहून अधिक ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याच्या संस्थापकानेच भर परिषदेत एका कंपनीचे नाव घेऊन वाभाडे काढले, म्हणजे बातमीला मसाला होताच. पण हे भांडण त्या एका दुपारी जन्मलेलं नाही. ते समजून घ्यायचं तर आधी 2003 आणि मग 2010 मध्ये डोकवावं लागतं.

वर्डप्रेस मुळात दुसऱ्याच्या कोडवर उभं राहिलं. मिशेल वाल्द्रिगी यांनी 2001 मध्ये ‘बी-टू’ नावाचं ब्लॉग चालवायचं साधन लिहिलं आणि ते जीपीएल या लायसन्सखाली खुलं केलं, म्हणजे कोड कुणीही घ्यावा, बदलावा आणि वाटावा. काही काळाने त्यांचं काम थांबलं. जानेवारी 2003 मध्ये ह्यूस्टनमधल्या एकोणीस वर्षांच्या मुलनवेग यांनी आपल्या ब्लॉगवर लिहिलं की हा कोड उचलून पुढे न्यावा असं वाटतंय. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी मदतीची तयारी दाखवली, आणि 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. कुणाची परवानगी मागायची गरज पडली नाही. जीपीएलने ती आधीच देऊन ठेवली होती.

या जन्मकथेचा एक परिणाम पुढे फार महत्त्वाचा ठरला. जीपीएलखालचा कोड घेऊन केलेलं काम वाटायचं, तर तेही जीपीएलखालीच वाटावं लागतं. त्यात बी-टूचा कॉपीराइट वाल्द्रिगींचा, आणि नंतर हजारो लोकांनी भर घातली ती ज्याची त्याची. म्हणजे वर्डप्रेसचं लायसन्स बदलायचं मनात आणलं, तरी ते कुणा एकाच्या हातात नाही.

इतरांकडे हा मार्ग होता आणि त्यांनी तो वापरला. आम्ही सॉफ्टवेअर घडवायचं आणि मोठ्या क्लाउड कंपन्यांनी ते भाड्याने देऊन पैसा कमवायचा, ही तक्रार गेल्या सात-आठ वर्षांत जवळपास सगळ्या खुल्या प्रकल्पांत ऐकू आली. मोंगोडीबीने 2018 मध्ये लायसन्स बदललं, इलॅस्टिकने 2021 मध्ये, टेराफॉर्मवाल्या हॅशिकॉर्पने 2023 मध्ये, रेडिसने मार्च 2024 मध्ये. त्यावर जुना खुला कोड घेऊन ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की अशा चुली वेगळ्या झाल्या. इलॅस्टिक आणि रेडिस नंतर एजीपीएल या खुल्या लायसन्सचा पर्याय देऊन अर्ध्या वाटेवर परतले. डब्ल्यूपी इंजिन वर्डप्रेसवर कमावते, पण त्याच्या कामाला फारसा हात लावत नाही, ही मुलनवेग यांची तक्रार याच जातीची होती. फक्त लायसन्सची वाट बंद असल्यामुळे ती ट्रेडमार्कच्या वाटेने बाहेर पडली.

इथे 2010 येतं. ऑटोमॅटिक 2005 मध्ये सुरू झाली होती आणि ‘वर्डप्रेस’ हा ट्रेडमार्क तिच्याच नावावर होता. 2010 मध्ये तो वर्डप्रेस फाउंडेशन या ना-नफा संस्थेला देण्यात आला. एका कंपनीने आपली सर्वांत मौल्यवान मत्ता समाजाला दिली म्हणून तेव्हा मोठं कौतुक झालं, आणि ते वावगं नव्हतं. मात्र नावाच्या व्यावसायिक वापराचा एकमेव परवाना फाउंडेशनने परत ऑटोमॅटिकलाच दिला होता. फाउंडेशनच्या संचालक मंडळावर मुलनवेग स्वतः आहेत. प्लगइन (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम) आणि थीम (साइटचं रूप ठरवणारे साचे) जिथून उतरतात, अपडेट जिथून येतात, ती वर्डप्रेस डॉट ऑर्ग ही साइट तर फाउंडेशनचीही नाही. ती मुलनवेग यांच्या वैयक्तिक मालकीची आहे. वर्षानुवर्षं त्यावर फुकट राबणाऱ्या अनेकांना हे 2024 मध्येच कळलं. विहीर गावाची, पण दोर आणि पोहरा एकाच्याच घरी, असा तो मामला.

त्याच 2010 मध्ये डब्ल्यूपी इंजिन सुरू झाली, आणि गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात ऑटोमॅटिकनेच तिच्यात पैसे गुंतवले होते. 2018 मध्ये सिल्व्हर लेकने 25 कोटी डॉलर घातले. नावातल्या ‘डब्ल्यूपी’बद्दल म्हणाल, तर ही आद्याक्षरं आमच्या ट्रेडमार्कमध्ये येत नाहीत, हवी तशी वापरा, असं फाउंडेशनच्या नियमांतच लिहिलेलं होतं. वाद पेटल्यावर तो मजकूर बदलला आणि त्यात डब्ल्यूपी इंजिनला नाव घेऊन टोमणाही आला. चौदा वर्षं चालू दिलेली गोष्ट एका आठवड्यात गैर ठरली, हे मला या प्रकरणातलं सर्वांत कच्चं पान वाटतं.

तरी मूळ तक्रार पोकळ नव्हती. मुलनवेग यांच्या हिशेबाने ऑटोमॅटिकची माणसं वर्डप्रेससाठी आठवड्याला साडेतीन हजारांहून अधिक तास देत होती, आणि डब्ल्यूपी इंजिनचे तास पन्नासच्या आत होते. हे आकडे कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेले असतात, तेव्हा थोडं मीठ लावूनच घ्यावेत. पण तफावत डोळ्यांत भरण्याजोगी आहेच. लेखाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय डब्ल्यूपी इंजिन मुळातच बंद ठेवते, हाही मुलनवेग यांचा आक्षेप होता. आपली आईसुद्धा डब्ल्यूपी इंजिनला अधिकृत वर्डप्रेस समजली, असंही त्यांनी लिहिलं.

मग घटना भराभर घडल्या. 20 सप्टेंबरला पोर्टलंडच्या वर्डकॅम्प या वर्डप्रेसच्या परिषदेत मुलनवेग यांचं भाषण, दुसऱ्या दिवशी डब्ल्यूपी इंजिनला ‘कॅन्सर’ म्हणणारा ब्लॉग, मग दोन्हीकडून वकिली नोटिसा. ट्रेडमार्कच्या वापराबद्दल ऑटोमॅटिकची मागणी होती डब्ल्यूपी इंजिनच्या उत्पन्नाच्या 8 टक्क्यांची. रोख द्या, नाहीतर तेवढ्या पगाराची माणसं वर्डप्रेसच्या कामाला लावा. 25 सप्टेंबरला डब्ल्यूपी इंजिनसाठी डॉट ऑर्गचे दरवाजे बंद झाले. 2 ऑक्टोबरला डब्ल्यूपी इंजिन ऑटोमॅटिक आणि मुलनवेग यांच्याविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात गेली. त्याच सुमारास ऑटोमॅटिकमधल्या 159 जणांनी, मालकाची दिशा पटत नाही म्हणून, देऊ केलेली रक्कम घेऊन नोकरी सोडली.

सर्वसामान्य वापरकर्त्याला झळ लागली ती 12 ऑक्टोबरला. ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे वीस लाखांहून अधिक साइटींवर असलेलं प्लगइन डब्ल्यूपी इंजिनकडे होतं. डॉट ऑर्गवरची त्याची जागाच ताब्यात घेऊन तिथे ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ बसवण्यात आलं. ज्याने नेहमीप्रमाणे अपडेटवर क्लिक केलं, त्याच्या प्लगइनच्या यादीत नाव बदललेलं दिसलं. ज्याचे अपडेट आपोआप होत होते, त्याने तर क्लिकही केलं नव्हतं. फोर्क करायला, म्हणजे कोड घेऊन आपली वेगळी आवृत्ती काढायला, जीपीएलची ना नाही, वर्डप्रेस स्वतः फोर्कच आहे. पण फोर्क वेगळ्या नावाने वेगळ्या पत्त्यावर मांडायचा असतो. दुसऱ्याच्या पत्त्यावर, त्याच्या वापरकर्त्यांसकट बसणं हे वेगळं काम.

आपल्याकडे याचा संबंध दूरचा नाही. वर्डप्रेसच्या जगात नाव असलेली आरटीकॅम्प ही कंपनी पुण्याची. वर्डप्रेसचा मराठी अनुवाद स्वयंसेवक करतात, तोही डॉट ऑर्गवरच लॉगिन करून. त्या ऑक्टोबरमध्ये त्या लॉगिनच्या चौकटीत एक नवी खूण करावी लागू लागली: माझा डब्ल्यूपी इंजिनशी आर्थिक किंवा अन्य कसलाही संबंध नाही. ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’ची भाषांतरं तपासायला बसलेल्या माणसाकडून असं प्रतिज्ञापत्र कशाला? एखाद्या फ्रीलान्सरच्या चार गिऱ्हाइकांपैकी एकाची साइट डब्ल्यूपी इंजिनवर असेल, तर त्याने खूण करावी की नाही, याचं सरळ उत्तर कुणाकडे नव्हतं.

10 डिसेंबर 2024 रोजी न्यायाधीश अरासेली मार्टिनेझ-ओल्गिन यांनी अंतरिम मनाई हुकूम दिला. डब्ल्यूपी इंजिनला प्रवेश परत मिळाला, प्लगइनची जागाही. ती खूणही गेली. तिच्या जागी पिझ्झ्यावर अननस छान लागतो, हे कबूल करणारी खूण आली. विनोद म्हणून ठीक, पण समोर न्यायालय असताना हा पोरकटपणा शोभला नाही. जानेवारी 2025 मध्ये ऑटोमॅटिकने आपले योगदानाचे तास डब्ल्यूपी इंजिनएवढेच, म्हणजे आठवड्याला 45 वर आणले; मे महिन्यात ते काम पुन्हा सुरू झालं. जूनमध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘फेअर’ हा प्रकल्प जाहीर झाला, एकाच सर्व्हरवर न विसंबता प्लगइन पोहोचवता यावेत म्हणून. सप्टेंबर 2025 मध्ये कोर्टाने डब्ल्यूपी इंजिनचे काही दावे काढून टाकले, काही ठेवले, आणि ऑक्टोबरमध्ये ऑटोमॅटिकने ट्रेडमार्कवरून उलट दावा लावला.

डिसेंबरच्या त्या आदेशाचा गाभा एवढाच होता की 20 सप्टेंबर 2024 ची स्थिती परत आणा. त्या दिवशीही नावाचा व्यावसायिक परवाना ऑटोमॅटिककडे होता, डॉट ऑर्ग मुलनवेग यांच्या मालकीची होती, आणि 2010 ची व्यवस्था जशीच्या तशी होती.