बटण कुणी दाबलं?

बेळगावातल्या एका मिठाईवाल्यासाठी मी बिलाचा प्रोग्रॅम लिहीत होतो. स्क्रीनवर पदार्थांची बटणं: कुंदा, करदंट, मांडे. पण दुकानातला माल बारा महिने तोच थोडाच असतो? गणपतीत मोदक येतात, दिवाळीत फराळ येतो आणि जातो. म्हणून बटणं आधीच फॉर्मवर (प्रोग्रॅमच्या खिडकीवर) न मांडता, प्रोग्रॅम सुरू झाला की पदार्थांच्या यादीवरून तयार करायची असं ठरवलं. बटणं झकास आली. दाबली तर ढिम्म.

मी वापरत होतो त्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फॉर्मवर बटण ठेवून त्यावर डबल-क्लिक केलं, की एक प्रोसीजर, म्हणजे एका नावाखाली लिहायच्या आज्ञांचा गट, उघडते आणि तिच्या पहिल्या ओळीच्या शेपटीला ‘हँडल्स’ हा शब्द आणि त्या बटणाचं नाव लागतं. ही गाठ कंपाइल होतानाच, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधी तयार होतानाच बसते. चालू प्रोग्रॅममध्ये जन्मलेल्या बटणाचं तोवर बारसंही झालेलं नसतं, गाठ बांधणार कुणाशी? त्याच्यासाठी ‘अ‍ॅडहँडलर’ ही वेगळी आज्ञा आहे: या बटणावर क्लिक झालं की अमुक प्रोसीजर बोलवा.

विंडोजच्या लेखी बटण हीसुद्धा एक छोटी खिडकीच. दाबलं की ते आपल्या पालक खिडकीला संदेश धाडतं आणि सोबत स्वतःचा ओळख-क्रमांक देतं. ही भाषा ज्या पायावर चालते ते डॉट नेट त्यावरून ‘क्लिक’ ही घटना जाहीर करतं आणि तिच्यासाठी नाव नोंदवलेल्या प्रोसीजरना एकामागून एक हाक मारतं. कुणीच नाव नोंदवलं नसेल तर गप्प बसतं, चूकसुद्धा दाखवत नाही. माझी एक अख्खी दुपार या गप्प बसण्यात गेली.

बारा बटणांना बारा प्रोसीजर लागत नाहीत, एकच पुरते. तिला हाकेसोबत ‘सेंडर’ मिळतो, म्हणजे दाबलेलं बटण स्वतःच. 1998 च्या व्हीबी 6 मध्ये, म्हणजे जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये, कंट्रोल अ‍ॅरे (एकाच नावाच्या बटणांचा गट) होता आणि तो नुसता क्रमांक हातात ठेवायचा. जुनी मंडळी अजून त्याच्या आठवणी काढतात. मला सेंडर जास्त आवडतो, कारण त्याला काहीही विचारता येतं. पण काय विचारायचं, इथेच मी फसलो.

मी त्याच्यावरचं नाव विचारलं. ‘कुंदा’ लिहिलंय ना, मग कुंद्याचा भाव लाव. आठवडाभर सुरळीत चाललं. मग गोकाककडचा एक मुलगा कामाला लागला, त्याला बटणं कानडीत हवी होती. आमच्याकडे दोन भाषांच्या पाट्या नवीन नाहीत, मी लगेच सोय करून दिली. त्याने भाषा बदलली आणि एकाही पदार्थाचा भाव लागेना! पाटीवरचं नाव ही ओळख नव्हे. बटणाला ‘टॅग’ नावाचा एक कप्पा असतो, तो कुणाला दिसत नाही. पदार्थाचा कोड त्यात ठेवला, की वर कानडी असो नाहीतर मराठी, भाव बरोबर लागतो.

(बटणं एकेक करून बनवणाऱ्या लूपमध्येच, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या आज्ञांमध्येच, छोटं लॅम्डा (बिननावाची प्रोसीजर) लिहून मोकळं होण्याचा मोह मलाही झाला होता. आकडे मोजत फिरणाऱ्या साध्या ‘फॉर’ लूपमधली सगळी लॅम्डा एकाच मोजणीच्या आकड्याकडे बघत राहतात. क्लिक होईपर्यंत लूप संपलेलं असतं, आकडा यादीच्या पलीकडे गेलेला असतो, आणि कुठलंही बटण दाबा, प्रोग्रॅम कोसळतो. डॉट नेटवरच्याच सी-शार्प या दुसऱ्या भाषेत 2012 साली ‘फॉरईच’पुरतं (यादीतला एकेक पदार्थ घेणाऱ्या लूपपुरतं) हे सुधारलं, साधा फॉर अजून तसाच आहे.)

टॅगनंतर दोन दिवसांनी मालकांचा फोन. गिऱ्हाइकाने पाव किलो कुंदा मागितला, बिलात अर्धा किलो लागला. भाषा बदलणाऱ्या प्रोसीजरमध्ये मी पाट्या बदलता बदलता अ‍ॅडहँडलरही पुन्हा लिहून ठेवलं होतं. तीच प्रोसीजर यादीत दुसऱ्यांदा नोंदवली जाते, कुणी हटकत नाही आणि एका क्लिकला ती दोनदा धावते. मुलाने कानडी केलं की कुंदा दुप्पट, मालकांनी परत मराठी केलं की तिप्पट. ती ओळ खोडली. आता भाषा बदलली की फक्त पाटी बदलते.