पेशीच्या दारातला विषाणू, पाण्यासकट

बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आज फिरायला येणारे आणि क्रिकेटवालेच जास्त, पण नाव पडलं ते देवीच्या लशीवरून. ती लस म्हणजे व्हॅक्सिनिया नावाचा जिवंत विषाणू. त्या काळी तो वासरांच्या कातडीवर वाढवत. देवी काढलेल्या दंडावर फोड आला की विषाणू पेशीत शिरला हे कळायचं. शिरताना मात्र तो कुणाला दिसत नव्हता. आता पेशीत शिरणाऱ्या विषाणूची ‘जिवंत चित्रफीत’ घेतल्याचे दावे बातम्यांत येतात.

साध्या सूक्ष्मदर्शकात साधारण 200 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आतलं काही वेगळं दिसत नाही. व्हॅक्सिनिया तसा दांडगा, साडेतीनशेच्या आसपास, तरी त्याचा नुसता ठिपकाच होतो. गोचिडीतून येणाऱ्या माकडतापाचा विषाणू तर जेमतेम 50 नॅनोमीटरचा.

1931 साली बर्लिनमध्ये नोल आणि रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. पण इलेक्ट्रॉनांना निर्वात जागा लागते आणि निर्वातात पाणी उडून जातं. म्हणून पेशी रसायनात स्थिर करायची, अल्कोहोलने पाणी काढायचं, राळेत बसवून पातळ काप घ्यायचे. वाळलेली संकेश्वरी मिरची बघून झाडावरची ताजी मिरची कशी होती ते ओळखण्यासारखंच हे. पुढे पाणी स्फटिक न होऊ देता गोठवायची युक्ती निघाली. 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामाला मिळालं. पाणी राहिलं, पण हालचाल थिजली.

ओल्या पेशीसाठी उपाय दिसायला साधा आहे. सिलिकॉनच्या दोन चकत्या, दोन्हींत सिलिकॉन नायट्राइडची सुमारे 50 नॅनोमीटर जाडीची खिडकी. मध्ये पेशी आणि खारं पाणी, कडेने घट्ट सील. इलेक्ट्रॉन खिडकीतून आरपार जातात, पाणी आतच राहतं. 2009 मध्ये नील्स द योंग आणि सहकाऱ्यांनी अशा कुपीत अख्ख्या पेशी पाहिल्या. पेशीवरच्या ग्राहक रेणूंना (बाहेरून आलेले रेणू पकडणाऱ्या रेणूंना) त्यांनी सोन्याचे कण चिकटवले होते आणि 4 नॅनोमीटरपर्यंतचा तपशील मिळवला. विषाणू पेशीला पकडतो तो अशाच रेणूंना धरून, म्हणून या कामाचं महत्त्व. मात्र त्या पेशी आधीच रसायनाने स्थिर केलेल्या होत्या, हे बातम्यांत बहुधा गळतं.

खरी अडचण इलेक्ट्रॉनांचीच. त्यांच्या माऱ्याने पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रॉक्सिल मूलकं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड अशी पेशीला घातक द्रव्यं तयार होतात. बारीक तपशील हवा तर मारा वाढवावा लागतो, आणि तेवढ्यात पेशी मरते. मग पडद्यावर पेशीचं आवरण दुमडताना दिसलं तर ते विषाणूने दुमडलं की माऱ्याने? माझ्या मते ‘जिवंत चित्रफीत’ म्हणणाऱ्याने आधी माऱ्याचा आकडा सांगावा.

त्यामानाने भरवशाची वाट संथ आहे. चमकणारं रसायन लावलेला विषाणू आधी साध्या प्रकाशात पेशीपर्यंत येताना बघायचा, ठरल्या मिनिटाला त्या पेशीचं इलेक्ट्रॉनांनी एकच चित्र घ्यायचं, पुढच्या मिनिटासाठी दुसरी पेशी. तेही पेशीच्या पातळ कडेलाच जमतं. मधल्या जाड भागात इलेक्ट्रॉन विखुरतात आणि चित्र धूसर होतं.