वावर कोणाच्या नावे: तोंडी शब्दापासून मृत्युपत्रापर्यंत

“धुऱ्याकडचं वावर धाकट्याचं, विहीर दोघांची.” आमच्या वर्धेकडच्या गावात म्हातारी माणसं अजूनही चार जणांत एवढं सांगतात आणि निश्चिंत होतात. ही सवय अडाणीपणाची नाही. मृत्युपत्र लेखीच हवं म्हणणारा १८७० चा हिंदू विल्स ॲक्ट बंगालकडचा मुलूख आणि मुंबई-मद्रास शहरं यांच्यापुरता होता. मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या हिंदू माणसाचं तोंडी मृत्युपत्रही तेव्हा चालत असे. १ जानेवारी १९२७ पासून मात्र ते लेखीच लागतं: करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदार. कायदा बदलला, गावाचा रिवाज मागे राहिला.

दुसरी अडचण, द्यायचं ते आपलं आहे का? मिताक्षरा पद्धतीत, म्हणजे आपल्याकडच्या हिंदू एकत्र कुटुंबांच्या जुन्या वारसा-नियमांत, वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मापासूनचा, त्यामुळे एकत्र कुटुंबातल्या बापाला आपला न वाटलेला हिस्साही मृत्युपत्राने देता येत नव्हता. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला, तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. त्याच्या कलम ३० ने ती मुभा दिली, पण स्वतःच्या हिश्श्यापुरतीच.

म्हणून पटवाऱ्याकडचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढून आजा कधी वारला ते पाहावं. १९५६ च्या कायद्यानंतर आज्याच्या स्वतंत्र मालकीतून बापाला वारसाने मिळालेली जमीन बापाची स्वतःची धरली जाते. तिचं मृत्युपत्र त्याला पूर्ण करता येतं. गावात मात्र आज्याचं म्हटलं की सरसकट वडिलोपार्जित म्हणतात, आणि निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात.

एकत्र कुटुंबाच्या जमिनीत आता मुलीही हिस्सेदार आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तोवर लग्न न झालेल्या मुलींना हा हक्क दिला, केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने सगळ्यांना. त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मृत्युपत्रात लेकीचं नाव गाळल्याने तिचा स्वतःचा हिस्सा जात नाही. तिला रक्षाबंधनाला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेणं मला अन्यायाचंच वाटतं.

बायकोसाठी “हयातभर खावं, विकू नये” असं लिहायची जुनी रीत आहे. मृत्युपत्रानेच मर्यादित हक्क दिला असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नुसार ती मर्यादा टिकू शकते. म्हातारपणी दवाखान्याला पैसा लागला तर तिने काय विकायचं? मालकी द्यायची असेल तर “मालकी हक्काने” असे शब्द लिहा.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. तरी ती करून घ्यावी. आणि साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडावेत, कारण वाद झाला तर त्यांच्यातला निदान एक जण कोर्टात उभा राहावा लागतो. आमच्या आज्याचं मृत्युपत्र लोखंडी पेटीत, लुगड्याच्या घडीखाली सापडलं. रेघांचा कागद, निळा अंगठा, खाली दोन सह्या. दोघेही त्याच्याच वयाचे, दोघेही गेलेले. त्यांतली एक सही ओळखणारे निवृत्त गुरुजी शोधायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला.