रबर काच होते ते तापमान: वेगवान गाडीच्या ऑल-सीझन टायरांविषयी

अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय किंवा होंडाची सिव्हिक एसआय यांसारखी रोजच्या वापराची, पण चपळ गाडी आहे, त्यांना पानगळ सुरू झाली की एक प्रश्न हमखास पडतो: मूळचे उन्हाळी टायर काढून ऑल-सीझन टायर बसवावेत का, आणि बसवायचे तर कोणते? या प्रश्नावरच्या चर्चेत दोन गैरसमज पुन्हा पुन्हा डोके वर काढतात. पहिला असा, की ‘ऑल-सीझन’ म्हणजे बाराही महिने सारख्याच भरवशाचा टायर. दुसरा असा, की टायरची पकड त्याच्या नक्षीवर अवलंबून असते आणि नक्षी जितकी खोल व आक्रमक, तितकी पकड चांगली. नक्षीला महत्त्व आहेच, पण ती दुय्यम आहे. कोणता टायर कोणत्या हवेत चालेल हे मुख्यतः ठरते ते रबराच्या रेणूंना कोणत्या तापमानापर्यंत हालचाल करता येते यावरून, आणि टायरांची खरी तुलना करायची असेल तर तिची सुरुवात तिथूनच करावी लागते.

टायरच्या बाजूवर छापलेले आकडे बहुतेकांना परिचित असतात, म्हणून त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. ‘२२५/४० आर १८’ याचा अर्थ टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४० टक्के आणि आतल्या रिमचा व्यास १८ इंच. त्यापुढे ‘९२ वाय’ असेल तर त्या टायरची भारक्षमता ६३० किलो आणि कमाल वेगमर्यादा ताशी ३०० किलोमीटर असते. एवढ्या वेगाने कोणी जावे अशी अपेक्षा नसते. मात्र त्या वेगाला निर्माण होणारी उष्णता सोसण्याची टायरची बांधणी आहे, हे त्या अक्षरावरून समजते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. साधारण १४०० किलोची गाडी चार चाकांवर उभी असते तेव्हा प्रत्येक टायरवर सुमारे ३५० किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागे सुमारे २.३ किलो इतका हवेचा दाब असेल, तर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग अंदाजे १५० चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा असतो. वळणे, ब्रेक लावणे आणि वेग घेणे हे सर्व अशा चार तुकड्यांमार्फत घडते. शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम सांगतो, की घर्षण केवळ भारावर आणि एका ठरावीक गुणांकावर अवलंबून असते. रबर हा नियम पाळत नाही. त्याचे घर्षण तापमानानुसार, वेगानुसार आणि दाबानुसार बदलते, कारण ते दोन निरनिराळ्या मार्गांनी निर्माण होते.

पहिला मार्ग आसंजनाचा. रबराचे रेणू आणि खडीचा पृष्ठभाग अतिशय जवळ आले की त्यांच्यात क्षीण आकर्षण निर्माण होते. टायर सरकताना हे बंध सतत तुटतात आणि पुन्हा जुळतात. कोरड्या रस्त्यावर या मार्गाचा वाटा मोठा असतो, परंतु मध्ये पाण्याचा पातळ थर आला की तो झपाट्याने घटतो. दुसरा मार्ग ऊर्जाऱ्हासाचा, ज्याला अभियंते हिस्टेरिसिस म्हणतात. डांबरी रस्त्यातल्या खडीच्या टोकावरून रबर सरकते तेव्हा टोकाच्या पुढच्या बाजूला ते दाबले जाते आणि टोक ओलांडल्यावर पुन्हा मूळ आकारात येऊ पाहते. हे परत येणे जर दाबले जाण्याइतकेच तत्पर असते, तर टोकाच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब पडला असता आणि सरकण्याला विरोध झालाच नसता. प्रत्यक्षात रबराला मूळ आकारात येण्यास किंचित उशीर होतो. त्यामुळे पुढच्या बाजूला दाब जास्त आणि मागच्या बाजूला कमी पडतो. या फरकातून गतीला विरोध करणारे बल मिळते आणि गमावलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. पावसात गाडी थांबते ती प्रामुख्याने या उशिरामुळे. पूर्णपणे लवचीक, ऊर्जा अजिबात न गमावणारे रबर कोणी बनवलेच, तर ते ओल्या रस्त्यावर निरुपयोगी ठरेल.

हा उशीर किती होतो, हे रबरावर आघात किती वेगाने होतात आणि त्याचे तापमान किती आहे, या दोन्हींवर ठरते. १८ इंची रिमच्या आपल्या टायरचा परीघ सुमारे दोन मीटर असतो, म्हणून ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास १४ वेळा फिरते आणि टायरचा प्रत्येक भाग तितक्याच वेळा चेपला जातो. ब्रेक लावताना मात्र ट्रेडचे, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थराचे, रबर रस्त्यावरून किंचित घसरते. हा घसरण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर एक मिलिमीटर अंतरावरच्या खडबडीतपणामुळे रबराला सेकंदाला एक हजार धक्के बसतात आणि दहा मायक्रोमीटरच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे एक लाख. म्हणजे तेच रबर चाक फिरताना संथ आघात सोसते आणि पकड देताना अतिवेगवान.

बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरांच्या, भौतिकीतला एक सुंदर सिद्धांत इथे कामाला येतो. रबराच्या लांब साखळ्यांना वेगवान आघात आणि कमी तापमान या दोन्ही गोष्टी सारख्याच भासतात, कारण दोन्हींत साखळीला जागा बदलायला पुरेसा अवधी मिळत नाही. विल्यम्स, लँडेल आणि फेरी या शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये या नात्याचे समीकरण मांडले. त्याच्या आधारे प्रयोगशाळेतला अभियंता सेकंदाला लाख आघात देणारे यंत्र न बांधताही पकडीचा अंदाज घेऊ शकतो: तो रबराचा छोटा तुकडा शून्य अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतो आणि सेकंदाला दहाच हेलकावे देऊन त्यातला ऊर्जाऱ्हास मोजतो. तिथे ऱ्हास जास्त असेल तर ओल्या रस्त्यावरची पकड चांगली. तोच तुकडा ६० अंशांवर मोजला तर चाक फिरताना किती ऊर्जा वाया जाईल, म्हणजे इंधन किती जास्त लागेल, हे समजते. तिथे ऱ्हास कमी हवा. एकाच पदार्थाकडून एका टोकाला आळस आणि दुसऱ्या टोकाला तत्परता मागायची, हे टायर-रसायनशास्त्राचे अवघड काम आहे.

तापमान आणखी खाली नेले की प्रत्येक रबर एका मर्यादेपाशी ताठर होऊन काचेसारखे वागू लागते. या मर्यादेला काचसंक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबरासाठी ते सुमारे उणे ७०, तर पॉलिब्युटाडाइनसाठी जवळपास उणे १०० अंश असते. याउलट पॉलिस्टायरीनसाठी ते अधिक १०० अंशांच्या आसपास असते, म्हणून पॉलिस्टायरीन घरातल्या तापमानाला कडक असते. टायरमध्ये वापरले जाणारे स्टायरीन-ब्युटाडाइन रबर हा स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांचा संयोग आहे. स्टायरीनचे प्रमाण वाढवले की संक्रमण तापमान वर सरकते, कमी केले की खाली जाते. ऊर्जाऱ्हास सर्वाधिक असतो तो याच संक्रमणाच्या पट्ट्यात. म्हणून उन्हाळी टायरचे मिश्रण असे बनवतात, की ब्रेकच्या वेगवान आघातांना हा पट्टा उबदार रस्त्यावरच गाठला जावा, आणि त्यातूनच त्याची विलक्षण पकड येते. त्याची किंमत थंडीत चुकवावी लागते. पारा सुमारे ७ अंशांखाली गेला की तो टायर ताठर होत जातो आणि खडीच्या बारीक खाचांत शिरेनासा होतो. मिशेलिन आपल्या पायलट स्पोर्ट ४एस या उन्हाळी टायरबाबत तर असा इशारा देते, की उणे ७ अंशांखाली त्याच्यावर गाडी चालवू नये, कारण ट्रेडला भेगा पडू शकतात. हिवाळी टायरमध्ये हा पट्टा बराच खाली ढकललेला असतो. मात्र जुलैच्या उन्हात त्याच्या नक्षीतले ठोकळे लिबलिबीत होतात आणि लवकर झिजतात.

वेगवान गाड्यांचा ऑल-सीझन टायर या दोघांच्या मध्ये उभा असतो. अमेरिकेत गुडइयर कंपनीने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ हा पहिला ऑल-सीझन टायर आणला, तेव्हा हा मध्यबिंदू गाठण्यासाठी पकडीचा बराच बळी द्यावा लागत असे. आज तो तितका द्यावा लागत नाही, याचे मोठे श्रेय सिलिकाला, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाला, आहे. पूर्वी रबराला बळकटी देण्यासाठी मुख्यतः कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळी, मिसळत असत. काजळीच्या कणांचे आपसातले जाळे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तुटते आणि जुळते, आणि त्यात ऊर्जा जाते. मिशेलिनने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या टायरांत काजळीच्या मोठ्या भागाची जागा सिलिकाने घेतली. सिलिकाला रबर आवडत नाही, म्हणून सिलेन नावाचा दुवा वापरून त्याचे कण रबराच्या साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडतात. परिणामी संथ आघातांना ऱ्हास घटतो, वेगवान आघातांना तो टिकतो आणि थंडीतही मिश्रण मऊ राहते. सिलिकायुक्त रबर विजेचे दुर्वाहक असल्यामुळे गाडीवरचा स्थिर विद्युतभार जमिनीत जावा यासाठी ट्रेडमधून काजळीयुक्त रबराची एक अरुंद पट्टी खालपर्यंत आणावी लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नक्षीची पाळी यानंतर येते. ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा हिमात कडा पुरवतात आणि खोबणींत दाबून बसलेले हिम रस्त्यावरच्या हिमाला धरते, कारण हिमाची हिमाशी पकड रबरापेक्षा चांगली असते. पण चिरा वाढल्या की ठोकळे वाकू लागतात आणि वळणावर स्टिअरिंगचा प्रतिसाद ढिला पडतो. म्हणून वेगवान गाडीच्या टायरमध्ये चिरांच्या आतल्या भिंती नागमोडी करतात; भार आला की त्या एकमेकींत अडकतात आणि ठोकळा ताठ राहतो.

मग टायरांची तुलना कोणत्या मोजमापावर करायची? अमेरिकी टायरवर झीज, पकड आणि तापमान अशा तीन श्रेणी छापलेल्या असतात. झिजेची चाचणी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोभोवतीच्या सुमारे ४०० मैलांच्या मार्गावर ७,२०० मैल गाडी चालवून होते, आणि तिच्या आधारे अंतिम आकडा उत्पादक स्वतः ठरवतो. म्हणून मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ वरचा ५४० आणि काँटिनेंटलच्या एक्स्ट्रीमकाँटॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लसवरचा ५६० हे आकडे शेजारी ठेवून काँटिनेंटल जास्त टिकेल असे म्हणणे चूक आहे. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना मात्र बरीच अर्थपूर्ण ठरते, जसे मिशेलिनच्याच ४एसवरचा ३०० हा आकडा. पकडीची श्रेणी ओल्या रस्त्यावर चाक पूर्ण जखडून, सरळ रेषेत मोजतात. आजच्या गाडीत एबीएस ही ब्रेक-यंत्रणा चाक जखडू देत नाही आणि वळणावरची पकड या चाचणीत मोजलीच जात नाही, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नये.

हिमाबद्दलच्या खुणांत तर मोठा फरक आहे. ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) ही खूण केवळ नक्षीच्या भूमितीवरून मिळते, तिच्यासाठी हिमात चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरे आणि आत हिमकण अशी खूण मिळवण्यासाठी मात्र दाबलेल्या हिमावर वेग घेताना तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण टायरपेक्षा किमान दहा टक्के सरस ठरावे लागते. मिशेलिनच्या क्रॉसक्लायमेट २ वर ती आहे. वेगवान गाड्यांच्या बहुतेक ऑल-सीझन टायरांवर नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिमाच्या रस्त्यावर केवळ ‘एम+एस’ खूण चालत नाही. तिथल्या मराठी वाचकांनी टायर घेण्याआधी ही खूण पाहावीच.

टायरमध्ये नायट्रोजन भरण्याच्या प्रचाराबद्दलही इथे स्पष्ट सांगायला हवे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि थंडीत आकुंचन पावण्याचा नियम दोन्हींना सारखाच लागू आहे. २० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर उणे १० अंशांना सुमारे २८ वर येतो, मग आत काहीही भरलेले असो. विमानांच्या आणि शर्यतींच्या टायरांत कोरड्या वायूला कारण आहे. रोजच्या गाडीला महिन्याकाठी दाब मोजणे पुरेसे आहे. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडण्याची प्रथा तर न्यू जर्सीपर्यंत पोहोचली आहे, पण त्यापेक्षा चाकातला दाब तपासून निघणे सुरक्षिततेसाठी निश्चितच अधिक उपयोगाचे आहे.

माझे मत असे, की न्यू जर्सी, मेरीलँड किंवा व्हर्जिनियात, जिथे हिम पडते पण रस्ते लवकर साफ होतात, तिथे जीटीआयसाठी टायरांचा एकच संच ठेवायचा तर वेगवान गाड्यांचा ऑल-सीझन टायर योग्य आहे. कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर नेमके स्टिअरिंग हवे असणाऱ्याने मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ घ्यावा. थोडा मऊ प्रवास आणि हिमात जरा जास्त आधार हवा असेल त्याने काँटिनेंटलचा डीडब्ल्यूएस०६ प्लस. मिनियापोलिससारख्या शहरात मात्र दोन संचांना पर्याय नाही, कारण उणे वीस अंशांना मधल्या मिश्रणाची मात्रा चालत नाही. उलट पुण्यात किंवा ठाण्यात पारा ७ अंशांखाली क्वचितच जातो, त्यामुळे तिथे हिमासाठीच्या चिरांची किंमत मोजण्यात अर्थ नाही. तिथला खरा शत्रू पावसाळ्यातले साचलेले पाणी आहे.

पाण्याच्या बाबतीत तर नवा टायर आणि झिजलेला टायर यांतला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा असतो. नासाच्या संशोधनातून आलेल्या सूत्रानुसार ३३ पीएसआय दाबाचा गोटा झालेला टायर साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे ९५ किलोमीटर वेगाला तरंगू लागतो. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर असते आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसासाठी ३.२ मिलिमीटरखाली जाऊ नये असे मानतात. काँटिनेंटलने आपल्या टायरच्या ट्रेडमध्येच डी, डब्ल्यू आणि एस ही अक्षरे कोरली आहेत. झिजताना आधी एस पुसले जाते, म्हणजे हिमातली उपयुक्तता संपली. त्यानंतर डब्ल्यू जाते, म्हणजे ओल्या रस्त्यावरची संपली. आणि फक्त डी उरले असेल, तर तो टायर कोरड्या रस्त्यापुरताच राहिला आहे.