चर खणायला बोलावताय? आधी दोरा आणि दगड हातात द्या

थंडी सुरू झाली की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक ठरावीक बातमी येते. अमुक महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर तमुक गावात पार पडले, प्रमुख पाहुण्यांनी ‘तरुणांनी समाजसेवेत पुढे यावे’ असे आवाहन केले. सोबत फोटो. पाहुण्यांच्या हातात कोरी करकरीत कुदळ, मागे टोप्या घातलेली मुलं-मुली. आवाहनाला माझी हरकत नाही, पण तरुण येत नाहीत ही ओरड मला पटत नाही. ते येतात. प्रमाणपत्रासाठी येतात, मित्रमैत्रिणींसाठी येतात, आठवडाभर घराबाहेर राहायला मिळतं म्हणूनही येतात. दुसऱ्या वर्षी मात्र नाव द्यायला टाळाटाळ करतात, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे पावसाचं पाणी अडवायला आपण खणलेल्या चराचं पुढे काय झालं, मुळात तो तिथेच आणि तसाच का खणला, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

श्रमाची परंपरा आपल्याकडे कमी नाही. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पावर मे महिन्याच्या उन्हात श्रमसंस्कार छावणी भरते. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली, आणि पुढच्या वर्षांत महाराष्ट्र दिनी शहरांतली माणसं हौसेने माळरानावर चर खणायला जाऊ लागली. हौस आहेच. प्रश्न चर खणण्यामागच्या विज्ञानाचा आहे.

आकडेमोड शाळेतलीच आहे. एक हेक्टर उतारावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं १०,००० लिटर. वळवाची ४० मिलिमीटरची सर आली आणि त्यातलं निम्मं वाहून जाणार असं धरलं, तर तासाभरात दोन लाख लिटर पाणी खाली धावतं. हे नुसतं पाणी नसतं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते जास्तीत जास्त किती वजनाचा दगड ढकलू शकेल हा आकडा दुप्पट-चौपट नाही, तब्बल ६४ पट होतो, म्हणजे वेगाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणून पाण्याला वेग घेण्याआधीच, डोंगराच्या वरच्या अंगाला अडवायचं. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर मावतं. भागाकार करा: हेक्टरी सुमारे ११०० मीटर चर हवा. म्हणजे साधारण नऊ-नऊ मीटरवर एक ओळ.

पण हे सगळं चर समपातळीत असेल तरच. ‘सलग समतल चर’ या सरकारी नावातला ‘समतल’ हा शब्द शिबिरात सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. चराचं एक टोक जरा खाली गेलं की सगळं पाणी तिकडे गोळा होतं, भराव फुटतो, आणि जिथे ओघळ नव्हती तिथे आपणच ओघळ पाडतो. अंदाजाने समतल रेषा काढता येत नाही. डोंगरउतारावर डोळा हमखास फसवतो.

इथे येतं माझं आवडतं यंत्र, ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट. दोन काठ्या शेंड्याला एकत्र बांधायच्या, खाली पाय फाकवायचे, मध्ये एक आडवी पट्टी ठोकायची. शेंड्यापासून दोरा सोडायचा, दोऱ्याला दगड. दोरा आडव्या पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. आता गंमत अशी की गावातल्या काठ्या काही सारख्या नसतात. एक पाय सेंटिमीटरभर लांब, पट्टी जरा तिरकी. मग मधली खूण कुठे करायची?

चौकट कुठल्याही जमिनीवर ठेवा, ती सपाट नसली तरी चालेल. पाय टेकले तिथे दोन दगड ठेवा. दोरा पट्टीला जिथे शिवतो तिथे पेन्सिलीने रेघ मारा. आता चौकट उलटी फिरवा, डावा पाय उजव्याच्या जागी आणि उजवा डाव्याच्या, आणि दुसरी रेघ मारा. या दोन रेघांचा बरोबर मध्य ही समपातळीची खूण. का? दोरा सरकण्याची कारणं दोन. चौकटीतला दोष चौकटीबरोबरच फिरतो, म्हणून तो दोन्ही वेळा दोऱ्याला पट्टीच्या त्याच बाजूला ढकलतो. जमिनीचा उतार मात्र जागेवरच राहतो, म्हणून तो एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला ढकलतो. सरासरी काढली की उतार कटतो आणि उरतो फक्त चौकटीचा दोष, जो आता खुणेतच सामावलेला आहे. जमीन किती तिरकी आहे आणि चौकट किती वाकडी आहे, यांतलं काहीही न मोजता अचूक उत्तर! सर्व्हेवाले थिओडोलाइटची, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राची, दुर्बीण उलटी करून दुसरं वाचन घेतात तेही याच तत्त्वाने.

खूण चुकली तर? पायांत दोन मीटर अंतर आणि पावलागणिक एक सेंटिमीटर चूक धरा. चौकट उचलून दर वेळी त्याच तोंडाने पुढे ठेवत गेलात तर १०० मीटरमध्ये चूक साचून ५० सेंटिमीटर होते, म्हणजे चराच्या खोलीपेक्षा जास्त. पण एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत, आलटून-पालटून गेलात तर एका पावलाची चूक पुढचं पाऊल खोडतं. हे ज्या मुलीच्या आधी लक्षात येतं ती मग चराची रेघ आखायच्या फक्कीचं घमेलं दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. ‘सर, थांबा, इथे पुन्हा बघू’ हे वाक्य ऐकलं की मला भाषणाची गरज संपल्यासारखी वाटते.

चरात साठलेलं पाणी पुढे जातं कुठे? आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र खडक, आणि मध्ये मध्ये काळा पाषाण, ज्यात भेगा सोडल्या तर पाणी शिरत नाही. झिजलेल्या बेसॉल्टमधून उपसता येईल अशी पोकळी जेमतेम दोन टक्के. म्हणून २० मिलिमीटर पाणी भूजलापर्यंत पोहोचलं की विहिरीची पातळी एक मीटर चढते. आणि २० मिलिमीटर उपसलं की तितकीच उतरते! ‘एका शिबिरात गाव टँकरमुक्त’ असले मथळे वाचताना हा दुसरा भागही लक्षात ठेवावा. वरच्या अंगाला मुलांनी चर खणायचे आणि खालच्या अंगाला कुणीतरी बोअर पाडून ऊस लावायचा, याला जलसंधारण म्हणत नाहीत. हिवरे बाजार या गावाने नाव कमावलं ते पावसानुसार पाण्याचा ताळेबंद मांडून आणि शेतीसाठी बोअरवेल नको असं ठरवून.

तळहातावर नारळ उभा करून पाणी दाखवणारे पाणाडेही यातच आले. पावसाळ्यानंतर ओढ्याकाठच्या मुरुमात बहुतेक कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतं. लागलं की श्रेय नारळाला, नाही लागलं तर दोष यजमानाच्या नशिबाला. कोरड्या गेलेल्या बोअरची यादी कुठला पाणाड्या ठेवतो?

यादी मुलांनी ठेवावी. शिबिराच्या गावातल्या पाच-सहा विहिरी निवडायच्या, काही चरांच्या खालच्या अंगाच्या आणि काही चर नसलेल्या बाजूच्या, कारण तुलनेशिवाय पावसाचं श्रेय चराला जाईल. कठड्यावर ऑइल पेंटने एक ठिपका करायचा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडायची. सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत मोजायचं. एकदा मे अखेर, एकदा ऑक्टोबरात. ऑक्टोबरचं माप घ्यायला बस पकडून कोण कोण येतं, तेवढं हजेरीपटावर वेगळं लिहून ठेवा.