वेगाच्या तक्त्यात न दिसणारी डेटा मर्यादा

कोणत्या देशातलं घरचं ब्रॉडबँड किती वेगवान, याचे तक्ते नियमित येतात. सिंगापूर, यूएई, चिली, फ्रान्स अशी नावं वरच्या रांगेत दिसतात, आपण बरेच खाली, आणि एखादा दिवस त्यावर हळहळ होते. या तक्त्यांत एक रकाना मात्र नसतो: महिन्याला डेटा किती, आणि तो संपल्यावर काय? 2019 च्या सप्टेंबरात जिओफायबर आलं तेव्हा 699 रुपयांच्या प्लॅनमध्ये वेग 100 एमबीपीएस आणि मूळ डेटा 100 जीबी होता (सुरुवातीला वर 50 जीबी भेट). पूर्ण वेगाने वापरला तर 100 जीबी सव्वादोन तासांत संपतात. उरलेला महिना मग रखडत काढायचा. तक्त्यात नोंद मात्र 100 एमबीपीएसचीच.

ही मर्यादा कुठून आली हे समजायला थोडं मागं जावं लागतं. भारताचं पहिलं ब्रॉडबँड धोरण 2004 च्या ऑक्टोबरात आलं. त्यात 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या होती. 2005 च्या सुरुवातीला बीएसएनएलचं डेटावन आलं, मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ट्रायबँड. महिन्याला काही शे एमबी ते एकदोन जीबी, आणि त्यापुढे प्रत्येक एमबीला रुपयाच्या आसपास. पाचशेच्या प्लॅनची खरी गंमत रात्री होती. दोन ते सकाळी आठ सगळं फुकट. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना डाउनलोड मॅनेजरचं शेड्यूलर आठवत असेल: 2:05 ला सुरू, 7:50 ला बंद. कॉम्प्युटरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं-मागं असलं तर फटका थेट बिलात. पोरं परीक्षेसाठी उठत नव्हती, पण लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी उतरवायला दोनचा गजर लावत होती.

दोन ते आठच का? कारण घरात आलेली तांब्याची तार रात्री स्वस्त होते असं काही नाही. महाग होता तो पुढचा, समुद्राखालचा रस्ता. तेव्हा पाहण्यासारखं बहुतेक सगळं अमेरिकेतल्या सर्व्हरवर होतं, आणि तिकडची वाट मुंबई-चेन्नईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मोजक्या केबल्समधून जात होती. आंतरराष्ट्रीय सेवेतली व्हीएसएनएल या मूळच्या सरकारी कंपनीची मक्तेदारी 2002 मध्ये संपली, तरी केबल जिथे किनाऱ्याला लागते ती स्टेशनं थोडक्यांच्याच हातात राहिली. ब्रॉडबँड देणारी कंपनी ती क्षमता घाऊक विकत घेत होती, आणि घेतलेली क्षमता रात्री रिकामी पडून राहायची. तीच ग्राहकाला फुकट म्हणून मिळायची. त्याआधी तर पुण्याहून मुंबईला पाठवलेला मेलसुद्धा, दोन टोकांना दोन वेगळे प्रोव्हायडर असतील तर, परदेशी फेरी मारून येऊ शकत होता. देशातला ट्रॅफिक देशातच राहावा म्हणून 2003 मध्ये निक्सी हे एक्सचेंज उभं राहिलं.

हेच गणित ऑस्ट्रेलियात. देश श्रीमंत, पण बाकी जगापासून लांब, आणि टेल्स्ट्रा या बड्या टेलिफोन कंपनीचा वरचष्मा. त्यांच्या बिगपाँडच्या स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याला 200 एमबी मिळत आणि त्यापुढे एमबीला 15 सेंट. म्हणजे एका जीबीला दीडशे डॉलर! आपल्या बिलांना नावं ठेवण्याआधी हे वाचून घ्यावं. तिथल्या कंपन्या स्वतःच्या जाळ्यातल्या काही गोष्टी 'अनमीटर्ड' (मर्यादेत न मोजलेल्या) ठेवत, कारण त्यांना समुद्र ओलांडावा लागत नसे. 2009 मध्ये सिडनी ते ग्वाम अशी नवी खासगी केबल आली, स्पर्धा वाढली आणि मर्यादा सैल होत गेल्या.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सगळ्यात बोलकी. तिथे टेलकॉम या मक्तेदार कंपनीचं एडीएसएल (टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड) 2002 मध्ये आलं ते महिन्याला 3 जीबीची मर्यादा घेऊनच. पुढे 'लोकल' आणि 'इंटरनॅशनल' असा वेगवेगळा डेटा विकला जाऊ लागला: देशातल्या साइट्सचा स्वस्त, बाहेरच्यांचा महाग. 2009 च्या सप्टेंबरात एका आयटी कंपनीने कंटाळून विन्स्टन नावाचं कबूतर पैजेला लावलं. पायाला 4 जीबीचं मेमरी कार्ड बांधून ते हॉविकहून सुमारे 80 किलोमीटरवरच्या डर्बनला उडालं. अंतर कापायला तासाभराहून थोडा जास्त वेळ, आणि कार्डावरचा डेटा कॉम्प्युटरवर उतरेपर्यंत एकूण दोन तास सात मिनिटं. तेवढ्या वेळात एडीएसएलवरून गेला होता फक्त 4 टक्के डेटा. त्याच वर्षी जुलैत सीकॉम ही केबल आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सुरू झाली होती (तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे). 2010 मध्ये एमवेब या प्रतिस्पर्धी कंपनीने विनामर्यादा एडीएसएल आणलं आणि मक्तेदारीचा भाव कोसळला.

आता दुसरी बाजू. दक्षिण कोरियात डेटाची ही रडकथा फारशी कधी नव्हतीच. 1997 च्या आर्थिक संकटानंतर सरकारने ब्रॉडबँडवर जोर दिला. थ्रूनेट, हानारो आणि कोरिया टेलिकॉम या कंपन्या एकमेकांच्या उरावर बसल्या. इमारतीत चांगली वायरिंग असेल तर तिला सरकारी प्रमाणपत्र मिळे, म्हणून बिल्डर आपणहून केबल टाकत. लोक उंच अपार्टमेंटमध्ये दाटीने राहणारे, त्यामुळे एका इमारतीत फायबर नेलं की शंभर घरं जोडली जात. शिवाय बातम्या, गेम, सर्च, सगळं कोरियन भाषेत आणि देशातच, त्यामुळे समुद्राचा खर्चच कमी. 2002 मध्ये तिथे एक कोटी ग्राहक झाले. भारताने 2010 साठी दोन कोटींचं उद्दिष्ट ठेवलं होतं, आणि 2010 संपताना आपण एक कोटीच्या जरा वर होतो.

जपानमध्ये 2001 साली सॉफ्टबँकच्या मासायोशी सोन यांच्या याहू बीबीने 8 एमबीपीएस इतक्या स्वस्तात दिलं की एनटीटी या जुन्या बड्या टेलिफोन कंपनीला हलावंच लागलं. पुढे 2008 मध्ये तिथल्या ओसीएन या इंटरनेट कंपनीने मर्यादा घातली, पण ती अपलोडवर, दिवसाला 30 जीबी! आपल्याकडे तेव्हा महिन्याला तेवढा डेटा मिळणारा माणूस चैनीत गणला गेला असता.

रोमानिया हा माझा आवडता अपवाद. तिथे सरकारी कंपनीची वाट न पाहता मोहल्ल्यातल्या पोरांनी एका ब्लॉकवरून दुसऱ्या ब्लॉकवर इथरनेट वायरी टाकून आपापली नेटवर्क उभी केली. मोठ्या कंपन्यांनी ती नंतर विकत घेतली आणि त्यांच्या जागी फायबर आलं. मुंबई-पुण्यात केबलवाल्यांनी अगदी हेच केलं: गच्चीवरून गच्चीवर निळी-राखाडी वायर, जिन्याच्या माळ्यावर स्विच, पावसाळ्यात वीज कडाडली की जळणारा. फरक इतकाच की आपल्या केबलवाल्याला वरची बँडविड्थ महागात घ्यावी लागे. म्हणून 'नेट 2 एमबी, पण टोरेंट 10 एमबी' अशी त्याची खास भाषा. टोरेंटवर फाइल इतर लोकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्यांनी येते, आणि तो तुकडा शेजारच्या बिल्डिंगमधूनच येत असे.

समुद्राचं हे स्पष्टीकरण अमेरिकेला मात्र लागू पडत नाही. सगळा मजकूर त्यांच्याच घरात, तरी कॉमकास्ट या केबल टीव्ही कंपनीने 2008 च्या ऑक्टोबरात 250 जीबीची मर्यादा आणली. पुढे ती 1 टीबी (हजार जीबी), मग 1.2 टीबी झाली. गंमत म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांत, जिथे व्हेरायझनचं फायबर समोर उभं होतं, तिथे ही नंतरची टीबीतली मर्यादा लागूच नव्हती. 2020 मध्ये कोविडमुळे काही महिने मर्यादा उठवल्या, लोक घरात बसून दिवसभर व्हिडिओ पाहत होते, तरी नेटवर्क कोसळलं नाही. म्हणजे इथली मर्यादा तांत्रिक कमी, आणि ग्राहकाला दुसरं दार नसल्याची जास्त. केबल टीव्ही विकणाऱ्यालाच नेटफ्लिक्सचा रस्ताही विकायचा असेल तर हे होणारच.

भारतात मर्यादा सैल झाल्या त्या दोन कारणांनी. गूगल, नेटफ्लिक्स वगैरेंचे कॅशे सर्व्हर (लोकप्रिय मजकुराच्या प्रती जवळ साठवणारे) देशात, प्रोव्हायडरच्याच इमारतीत आले, त्यामुळे लोकप्रिय व्हिडिओ समुद्र ओलांडेनासा झाला. आणि दर पाडणारी स्पर्धा आली. दूरसंचार नियामक ट्रायने 2016 मध्ये डेटा संपल्यावरही घरच्या लाइनचा वेग 512 केबीपीएसखाली न्यायचा नाही असं बजावलं. 2020 च्या सप्टेंबरात जिओफायबरने 399 पासून 'अनलिमिटेड' प्लॅन आणले, पण बारीक अक्षरांत महिन्याला 3.3 टीबीची मर्यादा आहेच. एअरटेलचंही तेच. साध्या घराला ते पुरून उरतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

व्याख्यांचाही घोळ आहे. भारतात ब्रॉडबँडची किमान पायरी 2013 मध्ये 512 केबीपीएस झाली, 2023 मध्ये 2 एमबीपीएस. अमेरिकेत ती 2015 मध्ये 25 एमबीपीएस होती, 2024 मध्ये 100. दोन्हीकडच्या 'ब्रॉडबँड ग्राहकां'चे आकडे शेजारी ठेवणाऱ्याने आधी हे सांगायला हवं. वेग मोजण्यातही एकवाक्यता नाही: अकामाई या इंटरनेट कंपनीच्या 2017 च्या पहिल्या तिमाहीतल्या अहवालात कोरियाची सरासरी 28.6 एमबीपीएस, भारताची 6.5, जगाची 7.2. स्पीडटेस्टवाले आता सरासरीऐवजी मध्यक देतात, आणि टेस्ट मारतो तो बहुधा नेट अडकल्यावर किंवा नवी लाइन घेतल्यावर. परवडण्याची तुलना करणारी आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) मात्र घरच्या ब्रॉडबँडची किंमत धरताना महिन्याला किमान 5 जीबीचा प्लॅन गृहीत धरते. तेवढ्या डेटात आज क्रिकेटचा जेमतेम एखादा टी-20 सामना एचडीत बघून होतो.