पार्श्वभूमी : १६० एकरांचा चौकोन आणि प्रेअरीवरचं कुटुंब

प्रेअरीवरच्या, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या गवताळ प्रदेशातल्या, पायोनियर (नव्याने वस्ती करायला गेलेल्या) कुटुंबाचं नाव काढलं की कापडी छताची वॅगन, फिडल वाजवणारे बाबा, खिडकीत दिवा लावून बसलेली आई हे सगळं डोळ्यासमोर येतंच, पुस्तकांनी आणि टीव्हीने ते काम चोख केलंय, म्हणून ते सोडून देतो. त्या कुटुंबाचं सगळं जगणं, म्हणजे घर कुठे बांधायचं, शेजारी किती लांब, पाणी मिळणार की नाही, बाप थंडीत घरी असणार की रेल्वेच्या कामावर, हे एका आकड्याने ठरवलं होतं. १६० एकर. आपल्या हिशोबाने साधारण ६५ हेक्टर.

१६० एकर सरकारी जमीन देणाऱ्या होमस्टेड कायद्यावर सही झाली २० मे १८६२ ला आणि तो लागू झाला १ जानेवारी १८६३ पासून. कुटुंबप्रमुख असाल किंवा वय २१ पूर्ण असेल, नागरिक असाल किंवा नागरिकत्वाचा अर्ज केलेला असेल, आणि सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसेल, तर सगळी मिळून १८ डॉलर फी भरा, पाच वर्षं तिथे राहा, जमीन कसा, मग मालकीचा कागद घ्या. याआधी असंच बिल १८६० मध्ये पास होऊन व्हेटोत अडकलं होतं. दक्षिणेकडच्या गुलाम बाळगणाऱ्या राज्यांना पश्चिमेत छोटे शेतकरी भरायला नकोच होते, पण ती राज्यं फुटून निघाली, सिव्हिल वॉर (अमेरिकेतलं यादवी युद्ध) सुरू झालं आणि विरोध करणारेच सभागृहात उरले नाहीत. (याच युद्धामुळे अमेरिकन कापूस अडकला आणि आपल्याकडे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ ला युद्ध संपल्यावर तो कसा कोसळला तेही माहीतच आहे.)

जमीन ओसाड पडली होती असं मात्र समजू नका. कायद्यावर सही झाली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिनेसोटात डकोटा या मूळनिवासी लोकांचा उठाव झाला, कारण जमिनी गेल्या आणि कबूल केलेले पैसे-धान्य वेळेवर पोचलंच नाही, आणि २६ डिसेंबरला मँकाटो गावात ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिलं. दक्षिण कान्ससमध्ये ओसेज या मूळनिवासी लोकांच्या राखीव जमिनीवर तर सेटलर, म्हणजे वस्ती करायला आलेले लोक, कायदा होण्याची वाटही न बघता जाऊन बसले, घरं बांधली, विहिरी खणल्या, आणि शेवटी १८७० मध्ये निर्णय झाला तो ओसेजनीच जमीन विकून दक्षिणेला सरकायचं. तिथे जमीन फुकट नव्हतीच, एकरी सव्वा डॉलर होती. ‘तिथे वस्ती केलेल्या गरीब बिचाऱ्या पायोनियर कुटुंबाला सरकारने हाकललं’ अशी जी गोष्ट सांगतात तिच्यात ही बाजू बहुतेक वेळा गायब असते.

आता तो आकडा. १७८५ पासून सरकारी मोजणीची पद्धत एकच, सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा, आणि त्याचा पाव भाग १६०. डोंगर असो, नदी असो, साखळी घेऊन सरळ रेषा मारत जायचं. ओहायो, इंडियाना, आयोवा या भागात १६० एकर म्हणजे चिकार, पाऊस भरपूर, लाकूड हाताशी, एका कुटुंबाला बैलजोडीवर तेवढं कसताही यायचं नाही. म्हणून १८४१ च्या जुन्या कायद्यात (आधी जाऊन बसलेल्याला ती जमीन एकरी सव्वा डॉलरने विकत घ्यायचा पहिला हक्क देणाऱ्या) हाच आकडा आला आणि १८६२ मध्ये तो तसाच उचलला. गडबड अशी की शंभराव्या रेखावृत्ताच्या, म्हणजे साधारण डकोटा-नेब्रास्का-कान्ससच्या मधून जाणाऱ्या रेषेच्या, पश्चिमेला वर्षाला २० इंचांपेक्षा कमी पाऊस पडतो, आणि तिथे १६० एकर हे धड ना शेतीला पुरेसं ना गुरांना.

हे कुणाला कळलंच नाही असंही नाही. सिव्हिल वॉरमध्ये एक हात गमावलेल्या आणि नंतर कोलोरॅडो नदीतून होडीने जाऊन आलेल्या एका भूगर्भतज्ज्ञाने १८७८ मध्ये सरकारला रिपोर्ट दिला. कोरड्या भागात पाटाच्या पाण्यावर करणार असाल तर ८० एकर पुरे, चराई करणार असाल तर २,५६० एकर द्या, आणि मुख्य म्हणजे हे चौकोन बंद करा, पाण्याच्या कडेने हद्दी आखा म्हणजे प्रत्येकाला थोडं तरी पाणी मिळेल, घरं जवळजवळ बांधू द्या, शाळा-रस्ते सगळ्यांना परवडतील. तेव्हाच्या पश्चिमेकडच्या पुढाऱ्यांना हे अजिबात पचलं नाही. एक म्हणजे आमच्या भागाला तुम्ही वाळवंट म्हणताय, मग इथे येणार कोण? दुसरं, २,५६० एकर दिले की सगळं मोठ्या गुरंवाल्यांच्या घशात जाईल, गरीब माणसाला समान हिस्सा हाच तर कायद्याचा गाभा. दुसरा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, कारण मोठे गुरंवाले खरंच आपल्या गुराख्यांच्या नावाने क्लेम (जमिनीवरचा हक्काचा दावा) टाकून नदीकाठ बळकावत होते. पण म्हणून गणितच नाकारायचं? १८८८ नंतर त्याच माणसाने पाटबंधाऱ्यांचा सर्व्हे सुरू केला, तो पुरा होईपर्यंत जमीनवाटप थांबलं, ओरड झाली, आणि १८९० मध्ये त्याचे पैसेच कापले. माझ्या मते प्रेअरीच्या इतिहासातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच.

तोपर्यंत ठिगळं लावणं चालू होतं. १८७३ मध्ये आणखी १६० एकर देऊ केले, अट काय तर ४० एकरांवर झाडं लावा, जिथे मैलोन्‌मैल झाड उगवत नाही तिथे! पुढे ४० चे १० एकर केले आणि १८९१ मध्ये कायदाच रद्द. तरी हुशार लोकांनी होमस्टेड, १८४१ च्या जुन्या कायद्याचा सव्वा डॉलरवाला क्लेम आणि हा झाडांचा क्लेम असे तिन्ही जोडून ४८० एकर केलेच.

आणि ज्यांच्याकडे एकच चौकोन होता त्यांचं काय? अट होती जमिनीवरच राहायची, सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त सोडून गेलात तर क्लेम गेला. म्हणजे गाव करून राहायची सोयच नाही, प्रत्येकाचं घर आपापल्या चौकोनात, शेजारी अर्धा मैल लांब आणि तोही असला तर, कारण सरकारने रेल्वे कंपन्यांना दिलेले विषम आकड्यांचे सेक्शन वर्षानुवर्षं विक्रीविना पडून असायचे. रोकड पैसा लागायचाच, नांगर, बैल, बियाणं, विहीर, त्यामुळे बाप पहिली काही वर्षं रेल्वेच्या भरावावर नाहीतर पूर्वेकडे कापणीला, आणि क्लेम ‘धरून’ बसायची आई आणि मुलं. गंमत बघा, लग्न न झालेल्या २१ वर्षांच्या मुलीला, विधवेला स्वतःच्या नावाने क्लेम घेता यायचा, पण लग्न झालेलीला नाही, कारण कुटुंबप्रमुख नवरा. राबणारी तीच.

घर मातीचं. लाकूड नाही म्हटल्यावर करणार काय, प्रेअरीच्या गवताच्या मुळ्यांनी माती अशी घट्ट विणलेली असते की खास नांगराने फूटभर रुंद पट्टे काढायचे, कुदळीने दोन-तीन फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. भिंत दोन-तीन फूट जाड, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आगीचं भय कमी. छत मात्र वैताग. वरही हीच माती, पाऊस पडला की बाहेर थांबल्यावरसुद्धा आत दोन दिवस चिखल गळतोय, एरवी कढईत माती, कधी साप. म्हणून बायका छताखाली मलमलीचं कापड ताणून बांधायच्या आणि भिंतींना जुनी वर्तमानपत्रं चिकटवायच्या. कान्ससमध्ये निकोडेमस नावाचं गाव आहे, १८७७ मध्ये गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी वसवलेलं, तिथली पहिली घरं तर जमिनीत खणलेली, नवीन आलेल्यांना गाव दिसेचना, नुसता जमिनीतून धूर येताना दिसायचा.

सरपण म्हणजे आधी गव्यांचं वाळलेलं शेण, मग गवे मारून संपवल्यावर गुरांचं, मक्याची बुरकुंडं, आणि काहीच नसलं की गवताचे पीळ. १८८०-८१ च्या थंडीत डकोटात ऑक्टोबरच्या मध्यालाच पहिलं हिमवादळ आलं आणि पुढे कित्येक महिने आगगाड्या बंद, तेव्हा लोक दिवसभर गवत पिळत बसायचे, कारण एक पीळ काही मिनिटांत जळून जातो, आणि गहू कॉफीच्या गिरणीत दळायचे. १२ जानेवारी १८८८ चं वादळ याहून वाईट, सकाळी उबदार हवा म्हणून मुलं बिनकोटाची शाळेत गेली आणि परतायच्या वेळेला समोरचा हात दिसेना. शेजारी अर्धा मैल लांब असणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

टोळधाडीचंही तसंच. १८७४ च्या उन्हाळ्यात डकोटापासून टेक्ससपर्यंत टोळ उतरले, पीक तर खाल्लंच, कांदे जमिनीतून पोखरून खाल्ले, घाम लागलेले अवजारांचे दांडे कुरतडले, झाकायला टाकलेली कापडं खाल्ली. सरकारला शेवटी क्लेमवरच राहायची अट काही काळ सैल करावी लागली, लष्कराचे जुने कोट-बूट वाटावे लागले, तरी मदत दिली तर लोक आळशी होतील असं म्हणणारे होतेच. पुढे हा टोळ नामशेष झाला, १९०२ नंतर जिवंत कुणी पाहिलाच नाही. बहुधा नदीकाठच्या त्याच्या अंडी घालायच्या जागाच नांगराखाली गेल्या.

१८८० च्या आसपास योगायोगाने काही वर्षं पाऊस बरा झाला आणि ‘जमीन नांगरली की पाऊस मागोमाग येतो’ हे चक्क शास्त्र म्हणून खपवलं गेलं, रेल्वेवाल्यांच्या जाहिरातींना तर ते हवंच होतं. मग १८८७ पासून दुष्काळ, आणि वेस्ट कान्ससमधून वॅगनी उलट्या निघाल्या. त्याच १८८७ मध्ये आदिवासी जमातींच्या सामायिक जमिनी तोडून प्रत्येक कुटुंबप्रमुखाला किती द्यायचे ठरलं? १६० एकर. उरलेली ‘जादा’ म्हणून सेटलरांना. १८८७ ला जमातींकडे १३.८ कोटी एकर होते, १९३४ ला उरले ४.८ कोटी.

आकडा हलला तो फार उशिरा. १९०४ मध्ये नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत ६४०, १९०९ मध्ये कोरड्या भागांसाठी ३२०, १९१२ मध्ये पाचाऐवजी तीन वर्षं. पण हे सगळं गव्हाचे भाव चढत असताना झालं, पहिल्या महायुद्धात जे गवत कधीच नांगरायला नको होतं तेही नांगरलं, आणि १९३० च्या दशकात ती माती उडाली. १४ एप्रिल १९३५ ला भर दुपारी अंधार झाला होता. घरं याच मातीची बांधली होती हे आठवलं की मुळ्यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. होमस्टेड कायदा १९७६ मध्ये बंद झाला, अलास्कात आणखी दहा वर्षं चालला.

चौकोन मात्र अजून आहे. वेस्ट कान्ससवरून विमानाने गेलात तर खाली हिरवी वर्तुळं दिसतात, ती म्हणजे फिरत्या पाइपची सिंचन यंत्रं, पाव मैल लांबीचा हात, बरोबर १६० एकरांत बसणारा, चारही कोपरे कोरडे. पाणी ओगलाला नावाच्या भूजलसाठ्याचं, आणि ते झपाट्याने खाली चाललंय. २०१३ मध्ये वायव्य कान्ससमधल्या शेरिडन काउंटीच्या भागातल्या शेतकऱ्यांनी आपणहून पाच वर्षांसाठी उपसा २० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं, आणि मुदत संपल्यावर ते पुढे वाढवलंही. त्या भागाची हद्द मात्र पाणी किती वेगाने आटतंय ते बघून आखली होती.